कोळसा आणायचा की वीज?

महावितरणच्या बिलावर ‘इंधन समायोजन आकार’ नावाची एक ओळ असते. एखाद्या महिन्यात तिच्यासमोर शून्य असतं, एखाद्या महिन्यात बरीच मोठी रक्कम. कोपर, डोंबिवली, कल्याणच्या घराघरांत ही ओळ पाहून एकच प्रश्न विचारला जातो: आमच्या मीटरला कुठलं इंधन लागतं? आम्ही तर फक्त बटण दाबतो. मग हे पैसे कसले?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर समजून घ्यायचं तर वीज कशापासून तयार होते, ते इंधन कुठून येतं, कोण वाहून आणतं आणि जळून उरलेलं कुठे जातं, हे सगळं पाहावं लागेल. त्यासाठी फार लांब जायची गरज नाही.

१. शंभर किलोमीटरचं वर्तुळ

नकाशात कोपर स्टेशनवर कंपासचं टोक ठेवा आणि शंभर किलोमीटरचं वर्तुळ काढा. दक्षिणेला खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथली टाटांची जलविद्युत केंद्रं त्यात येतात. नैऋत्येला तुर्भ्याचं, म्हणजे ट्रॉम्बेचं केंद्र आहे. तिथे कोळसा, तेल आणि गॅस या तिन्ही इंधनांवर वीज तयार झाली आहे. त्याच्या पलीकडे उरणचं गॅसवर चालणारं केंद्र आहे. उत्तरेला डहाणूचं कोळशाचं केंद्र आणि तारापूरचं अणुवीज केंद्र. आणि कोपरपासून दोनच स्थानकं पुढे ठाकुर्ली, जिथे रेल्वेचं कोळशावर चालणारं पॉवर हाऊस होतं.

भारतात वीज बनवायला वापरली जाणारी जवळजवळ सगळी मोठी इंधनं या एका वर्तुळात सापडतात. देशात अशी ठिकाणं थोडी आहेत. आपण डोंबिवलीची ओळख नाटक, शाळा आणि लोकलच्या गर्दीवरून सांगतो. वीज कशी तयार होते हे शिकायलाही ही जागा तितकीच चांगली आहे.

२. फिरवणारं कोण?

वीजकेंद्रातलं जनित्र, म्हणजे जनरेटर, एकच काम करतं. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांमध्ये चुंबक फिरवलं की तारेतून वीज वाहू लागते. चुंबक कोण फिरवतंय याच्याशी जनित्राला काही देणंघेणं नसतं. डोंगरावरून पडणारं पाणी टर्बाइनची पाती फिरवेल, नाहीतर वाफ फिरवेल, नाहीतर जळणारा गॅस.

कोळसा, तेल आणि युरेनियम यांचं काम उष्णता देण्याचं आहे. त्या उष्णतेने पाण्याची जोरदार दाबाची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइन जनित्राला फिरवतं. तारापूरच्या अणुभट्टीतही शेवटी पाणीच उकळतं, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं.

या मार्गाला एक मोठी अडचण आहे. वाफेचं काम झालं की ती थंड करून पुन्हा तिचं पाणी करावं लागतं, आणि त्यात इंधनातली बरीच उष्णता नदीत, समुद्रात किंवा हवेत निघून जाते. कोळशाच्या चांगल्या केंद्रातही शंभर भाग उष्णतेतून पस्तीस ते चाळीस भागच वीज मिळते. उरलेले साठ-पासष्ट भाग वाया जातात. ही यंत्राची किंवा माणसांची हयगय नसते. उष्णतेपासून हालचाल मिळवण्याला निसर्गानेच घातलेली ती मर्यादा आहे. म्हणूनच औष्णिक केंद्राला इंधनाइतकंच पाणी महत्त्वाचं असतं. २०१५ साली मराठवाड्यातल्या दुष्काळात परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं, ते कोळशाअभावी नव्हे. खडका बंधारा कोरडा पडला होता.

३. दोनशे युनिटांचा हिशेब

आता एक छोटं गणित करू. दोन खोल्यांच्या घरात महिन्याला २०० युनिट वीज लागते असं धरा. हीच वीज वेगवेगळ्या इंधनांपासून करायची तर किती इंधन लागेल?

एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी ऊर्जा असते. केंद्राची कार्यक्षमता ३५ टक्के धरली, तर एका युनिटसाठी सुमारे २,४५० किलोकॅलरींचं इंधन जाळावं लागतं. आपल्याकडच्या कोळशाच्या एका किलोत साधारण ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी असतात. म्हणजे एका युनिटला अंदाजे ७०० ग्रॅम कोळसा. २०० युनिटांना १४० किलो. त्यातून जवळपास ५० किलो राख उरते, आणि धुराड्यातून दोनशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातो. एका घराचा, एका महिन्याचा.

हेच काम नैसर्गिक वायूवर केलं तर सुमारे ४० घनमीटर गॅस लागेल. वजनात तो तीस किलोच्या आसपास भरतो. राख शून्य, आणि कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या निम्म्याहून कमी.

सोसायटीच्या डिझेल जनरेटरवर करायचं तर साधारण ५५ ते ६० लिटर डिझेल. डिझेलचा आजचा भाव घालून पाहा, म्हणजे सोसायटी जनरेटर फक्त लिफ्टला आणि पंपाला का जोडते ते कळेल.

पाच-सहाशे मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्यावर केलं, तर एक हजार लिटर पाण्यापासून सव्वा युनिटच्या आसपास वीज मिळते. २०० युनिटांना सुमारे १ लाख ६० हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे सोळा टँकर.

आणि युरेनियम? तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचात वापरतात तसं नैसर्गिक युरेनियम घेतलं, तर फक्त ४ ग्रॅम.

१४० किलो कोळसा आणि ४ ग्रॅम युरेनियम. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाटतं, प्रश्न सुटला, युरेनियमच वापरावं. पण इंधनात किती ऊर्जा साठलेली आहे यावर निवड ठरत नाही. ते कुठून आणायचं, त्यासाठी काय उभारायचं आणि मागे उरलेलं कुठे ठेवायचं, यावर ती ठरते. या प्रकरणात मला सांगायचं आहे ते हेच.

४. ठाकुर्लीचं पॉवर हाऊस

जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाने, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हीटीपासून कुर्ल्यापर्यंत भारतातली पहिली विजेची गाडी चालवली. मग घाटांची पाळी आली. कल्याणहून पुण्याकडे जाताना बोरघाट, इगतपुरीकडे जाताना कसाऱ्याचा थळघाट. वाफेची इंजिनं या चढांवर धापा टाकत. विजेची इंजिनं लावायची ठरलं तेव्हा एवढी वीज आणायची कुठून, असा प्रश्न उभा राहिला, आणि रेल्वेने स्वतःचंच केंद्र बांधलं. १९२९ च्या सुमारास ठाकुर्लीजवळ चोळे गावाच्या हद्दीत ते सुरू झालं. जुनी माणसं त्याला चोळा पॉवर हाऊस म्हणतात.

जागा नेमकी निवडलेली होती. कोळसा रेल्वेच्या स्वतःच्या वॅगनमधून थेट दारात येऊ शकत होता. वाफेसाठी आणि थंडाव्यासाठी उल्हास नदी जवळ. आणि कल्याण हा दोन्ही घाटांचा फाटा असल्याने जिथे वीज हवी तिथेच ती तयार होत होती. त्या काळी लांबवर वीज वाहून नेणाऱ्या तारांचं जाळं देशात नव्हतं. त्यामुळे कोळसा लांबून आणायचा आणि वीज जवळ करायची, हाच शहाणपणाचा मार्ग होता.

ऐंशीच्या दशकात हे केंद्र बंद पडलं. ठाकुर्ली-डोंबिवलीत विजेची गरज दरवर्षी वाढत असताना हाताशी असलेलं केंद्र का बंद झालं, असं लोक अजून विचारतात. उत्तर गरजेत शोधून सापडणार नाही. ते कोळसा वाहण्याच्या हिशेबात आहे.

आपल्या कोळशात पस्तीस-चाळीस टक्के राख असते. म्हणजे विदर्भातून किंवा त्याच्याही पलीकडून आणलेल्या शंभर वॅगनांतल्या पस्तीस-चाळीस वॅगनांत खरं तर माती आणि दगडच असतो. तो आठशे किलोमीटर ओढत आणायचा, कसाऱ्याच्या घाटातून उतरवायचा, जाळायचा, आणि मग राखेच्या रूपात पुन्हा कुठेतरी नेऊन टाकायचा. केंद्राच्या भोवती शेतं होती तोवर हे चाललं. भोवती बिल्डिंगा उभ्या राहिल्यावर धूर आणि राख थेट लोकांच्या खिडक्यांत जाते. शिवाय विसाव्या शतकाच्या सुरुवातीची छोटी यंत्रं कोळशातल्या उष्णतेचा पाचवा-चौथा भागच विजेत उतरवत. पुढे आलेले मोठे संच त्याच कोळशातून दीडपट-पावणेदोनपट वीज काढू लागले. दरम्यान राज्यभर विजेच्या तारांचं जाळं, म्हणजे ग्रिड, विणलं गेलं होतं. घाटात इंजिन चालवायला शेजारीच वीज करायची गरज उरली नाही.

पुढे या जागेवर रेल्वेने गॅसवर चालणारं नवं केंद्र उभारावं, असा प्रस्तावही आला. ते उभं राहिलं नाही. २०१५ नंतर काही वर्षं मध्य रेल्वेच्या गाड्यांना रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळच्या गॅस केंद्राची वीज मिळाली. ठाकुर्लीवरून धावणाऱ्या लोकलला ठाकुर्लीची वीज लागत नाही, हे या सगळ्या बदलाचं सार.

५. सहा मालगाड्या की दोन तारा

मग कोळसा जिथे निघतो तिथेच जाळला तर? महाराष्ट्राने हेच केलं. वर्धा नदीच्या खोऱ्यात चंद्रपूर आणि वणी इथे, आणि नागपूरच्या भागातही, कोळशाच्या खाणी आहेत. म्हणून चंद्रपूर, कोराडी आणि खापरखेडा ही मोठी केंद्रं विदर्भात आहेत. एकट्या चंद्रपूरची क्षमता २,९२० मेगावॅट. भुसावळ आणि नाशिकजवळचं एकलहरे ही केंद्रं मुंबईकडे येणाऱ्या लोहमार्गावर आहेत, पण तीही घाटाच्या वरच. महानिर्मितीचं, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचं, कोळशाचं एकही केंद्र कोकणात नाही, हे नकाशा पाहिला की चटकन लक्षात येतं. कोकणात महानिर्मितीचं औष्णिक केंद्र आहे ते उरणचं, आणि ते गॅसवर चालतं.

चंद्रपूरहून आपल्याकडे वीज येते ती इतर वाहिन्यांबरोबरच एका खास वाहिनीने. चंद्रपूर ते पडघे अशी सुमारे ७५० किलोमीटरची, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट दाबाची ही वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली. पडघे म्हणजे भिवंडी तालुक्यातलं, कल्याणहून नाशिककडे जाताना लागणारं. या वाहिनीतून एकाच दिशेने वाहणारी वीज येते. तिला डीसी म्हणतात. घरात येते ती सेकंदाला पन्नास आवर्तनं करणारी एसी. लांबच्या प्रवासात डीसीची गळती कमी होते, म्हणून चंद्रपूरला एसीची डीसी करतात आणि पडघ्याला पुन्हा एसी.

या वाहिनीची क्षमता १,५०० मेगावॅट आहे. ती दिवसभर पूर्ण भरून चालली, तर चोवीस तासांत ३ कोटी ६० लाख युनिट येतात. युनिटला ७०० ग्रॅम कोळसा या हिशेबाने २५ हजार टनांहून जास्त कोळसा झाला. कोळशाच्या एका मालगाडीत, रेल्वेच्या भाषेत एका रेकमध्ये, साधारण ३,८०० ते ४,००० टन माल बसतो. म्हणजे दररोज सहा-साडेसहा भरलेल्या मालगाड्या, आणि तितक्याच रिकाम्या परत जाणाऱ्या, कसाऱ्याच्या घाटातून न्याव्या लागल्या असत्या. याच मार्गावरून कोपर-डोंबिवलीच्या लोकल आणि मेल गाड्या धावतात. त्या मालगाड्यांचं काम आज खांबांवरच्या तारा करतात. थोडी वीज तारांत गरम होऊन जाते. घाटातून राख वाहून आणण्यापेक्षा ही गळती फार स्वस्त पडते.

पण हा हिशेब फक्त आपल्या बाजूचा आहे. वीज इकडे आली आणि राख तिकडे राहिली. चंद्रपूरची हवा अनेक वर्षं राज्यातल्या सर्वांत प्रदूषित हवांमध्ये गणली गेली आहे. २०२२ च्या जुलैत कोराडी-खापरखेड्याच्या परिसरातला राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत आणि ओढ्या-नद्यांत शिरलं. केंद्रातली राख सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये वापरली जाते, ती वापरावी असा नियमही आहे, तरीही साठलेल्या राखेचे तलाव मोठे आहेत. कोपरच्या घरातला पंखा फिरतो तेव्हा त्याची राख विदर्भातल्या कुणाच्या तरी अंगणात पडते. आपण वीज वापरणाऱ्यांनी हे ठाऊक ठेवलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण राखेबद्दलच्या तक्रारींना आपण दिलेला आधार तिथल्या लोकांच्या उपयोगी पडू शकतो.

तक्रारींचा नेटाने पाठपुरावा झाला तर काय घडू शकतं ते डहाणूत दिसलं. डहाणूचं ५०० मेगावॅटचं केंद्र १९९५ मध्ये सुरू झालं. भोवती चिकूच्या बागा आणि आदिवासी पाडे. स्थानिकांनी न्यायालयीन लढा दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. या प्राधिकरणाने पाठपुरावा केला म्हणून तिथे धुरातला गंधकाचा वायू समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारं संयंत्र बसलं. देशातल्या बहुतेक केंद्रांत अशी सोय तेव्हा नव्हती.

६. गॅस, तेल आणि डॉलर

गॅस हे वीज बनवायला फार सोयीचं इंधन आहे. तो नळातून येतो, राख ठेवत नाही, आणि त्याच्या केंद्रात उष्णता दोनदा वापरता येते. आधी जळणारा गॅस विमानाच्या इंजिनासारखं टर्बाइन फिरवतो. मग बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर वाफ करून दुसरं टर्बाइन फिरवतात. त्यामुळे निम्म्याच्या आसपास उष्णता विजेत उतरते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बॉम्बे हायचा गॅस किनाऱ्यावर येऊ लागला आणि उरणला गॅसवरची वीज सुरू झाली. आज उरणची क्षमता ६७२ मेगावॅट आहे, पण ते पूर्ण क्षमतेने क्वचितच चालतं, कारण तेवढा गॅस मिळत नाही. खतांचे कारखाने, घरगुती पाइपलाइन आणि वाहनं यांनाही तोच गॅस हवा असतो.

गॅस नसेल तर परदेशातून आणावा लागतो, आणि मग भाव डॉलरमध्ये ठरतो. दाभोळच्या प्रकल्पाने महाराष्ट्राला हा धडा फार महागात शिकवला. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या काळात १९९९ मध्ये तो नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलापासून निघणाऱ्या एका द्रवावर सुरू झाला. वीज इतकी महाग पडली की २००१ मध्ये तो बंद झाला. पुढे सरकारी कंपन्यांनी तो गॅसवर सुरू केला. २०१३ नंतर देशी गॅस आटला आणि जवळपास दोन हजार मेगावॅटचं केंद्र पुन्हा थांबलं. यंत्रं उभी, माणसं तयार, आणि इंधन नाही. वीजकेंद्र बांधण्याआधी इंधनाचा वीस-पंचवीस वर्षांचा बंदोबस्त पाहावा लागतो, हे दाभोळने दाखवलं.

ट्रॉम्बेने वेगळी वाट काढली. १९५६ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात पुढे असे संच बसवले गेले, ज्यांत कोळसा, तेल, गॅस यांपैकी जे मिळेल आणि परवडेल ते जाळता येईल. आज तिथला कोळसा मुख्यतः समुद्रमार्गे परदेशातून येतो. त्यात राख आणि गंधक कमी असतं, म्हणून मुंबईच्या वेशीवर तो चालतो. पण त्याचाही भाव परदेशात ठरतो.

७. तारापूरचे चार ग्रॅम

तारापूरचे पहिले दोन संच अमेरिकेच्या मदतीने बांधले गेले आणि १९६९ मध्ये सुरू झाले. भारतातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. त्यांना लागणारं युरेनियम समृद्ध केलेलं असावं लागतं, म्हणजे त्यातला फुटू शकणारा भाग यंत्रांनी वाढवलेला असावा लागतो. हे इंधन अमेरिकेने द्यायचं असा करार होता. १९७४ च्या पोखरणच्या अणुचाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला. मग फ्रान्सने इंधन दिलं, नंतर चीनने, नंतर रशियाने. ग्रॅमांत मोजायचं इंधन वाहायला सोपं खरं, पण ते देणारा देश नाही म्हणाला की मालगाडी भरून पैसे दिले तरी मिळत नाही.

म्हणून तिसरा आणि चौथा संच वेगळ्या पद्धतीचे आहेत. प्रत्येकी ५४० मेगावॅटचे हे संच २००५-०६ मध्ये सुरू झाले आणि नैसर्गिक, समृद्ध न केलेल्या युरेनियमवर चालतात. त्यासाठी जड पाणी लागतं, आणि ते भारतात तयार होतं. वापरलेलं इंधन मात्र किरणोत्सारी असतं. आधी ते पाण्याच्या खोल टाक्यांत थंड ठेवावं लागतं आणि नंतरही पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावं लागतं. कोळशाची राख ढिगाने दिसते म्हणून आपण तिच्याबद्दल बोलतो. हे थोडंसं आणि न दिसणारं उरलेलं ओझं विसरलं जाण्याची भीती जास्त आहे.

८. वरून येणारं पाणी

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस नैसर्गिक उताराने पूर्वेकडे जातो. तो धरणांत अडवून बोगद्यांतून आणि मोठ्या नळांतून पश्चिमेला कोकणात सोडला की पाच-सहाशे मीटरची उडी मिळते. याच कल्पनेवर टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला, १९२२ मध्ये भिवपुरीला आणि १९२७ मध्ये भिऱ्याला वीज सुरू केली. मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालल्या.

भिवपुरीची गोष्ट डोंबिवलीकरांनी आवर्जून लक्षात ठेवावी. मावळातल्या आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीला टर्बाइन फिरवून उल्हास नदीत येतं. तीच उल्हास पुढे बदलापूर, अंबरनाथवरून कल्याणला येते. कल्याण-डोंबिवलीच्या नळांना पाणी पुरवणारी मुख्य नदी ती हीच. उन्हाळ्यात उल्हास वाहती राहते त्यात या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्याचा मोठा वाटा आहे. एकाच पाण्याने आधी दिवा लागतो आणि मग हंडा भरतो.

हे इंधन फुकट आहे असं म्हणायचा मोह होतो. पण भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचं धरण झालं तेव्हा मावळ्यांच्या जमिनी गेल्या. १९२१ मध्ये त्यांनी सत्याग्रह सुरू केला आणि सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. धरणग्रस्तांचा जगातला एक पहिला लढा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. धरण झालंच.

आणखी एक मर्यादा आहे. कोयनेचं केंद्र १,९६० मेगावॅटचं असलं, तरी वर्षभरात पश्चिमेकडे सोडायच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने ६७.५ टीएमसीची, म्हणजे ६७.५ अब्ज घनफुटांची, मर्यादा घातली आहे, कारण ते पाणी पूर्वेकडच्या शेतीचंही आहे. धरण तुडुंब भरलं तरी कोयना चोवीस तास चालवत नाहीत ती याचमुळे. हे पाणी राखून ठेवतात, आणि संध्याकाळी सगळे दिवे एकदम लागतात तेव्हा वापरतात.

९. आधी कुणाची वीज?

दर क्षणी राज्यात जितकी वीज वापरली जाते तितकीच तयार व्हावी लागते. हे गणित ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात रात्रंदिवस सांभाळलं जातं.

डोंबिवलीतल्या घराचं उदाहरण घ्या. रोजच्या माणसांपुरता स्वयंपाक घरी होतो, कारण तो स्वस्त. दोन पाहुणे वाढले की पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या येतात. आणि रात्री दहा माणसं अचानक आली तर हॉटेलातून मागवावं लागतं. ते महाग, पण लगेच मिळतं. वीजकेंद्रं याच क्रमाने लावली जातात. ज्याचं इंधन सर्वांत स्वस्त ते आधी आणि सतत. मागणी वाढेल तसं त्याहून महाग. गॅस आणि आयात कोळसा बहुधा शेवटी. कोळशाचा बॉयलर थंड झाला तर पुन्हा तापायला कित्येक तास लागतात, म्हणून तो शक्यतो चालूच ठेवतात. पाण्याचं टर्बाइन काही मिनिटांत पूर्ण वेगाने फिरतं.

आता बिलातली ती ओळ समजेल. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग विजेचे दर ठरवतो तेव्हा इंधनाचा एक भाव गृहीत धरतो. प्रत्यक्षात कोळसा महागला, किंवा स्वस्त केंद्र बंद पडून महाग केंद्र चालवावं लागलं, तर फरक नंतर ‘इंधन समायोजन आकार’ म्हणून वसूल होतो. भाव उतरले तर तो आकार शून्य किंवा उणेही होऊ शकतो. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात कोळशाची टंचाई झाली. युक्रेनच्या युद्धाने आयात कोळसा भडकलेला असतानाच केंद्र सरकारने राज्यांना दहा टक्के आयात कोळसा मिसळायला सांगितलं. त्या वर्षी वाढलेली बिलं अनेकांना आठवत असतील. आपल्या मीटरला लागणारं इंधन कुठल्या देशातून कोणत्या भावाने येतं, त्याचा हिशेब त्या ओळीत असतो.

इंधन भरपूर असूनही दिवे जाऊ शकतात, हे १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास दिसलं. पडघे ते कळवा या उच्चदाब वाहिनीचा एक पदर दुरुस्तीसाठी बंद होता, तेव्हाच दुसऱ्यात बिघाड झाला. मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. चंद्रपूरला कोळसा होता, कोयनेत पाणी होतं. वीज दुरून आणायचं ठरवलं की शेवटच्या चाळीस-पन्नास किलोमीटरच्या तारांवर सगळी मदार राहते. शहराजवळ थोडी तरी वीज तयार व्हावी असा आग्रह जाणकार धरतात, तो यासाठीच.

१०. ऊन साठवायचं कसं?

उन्हाला वाहून आणायचं भाडं नाही आणि त्याची राखही नाही. गच्चीवर साधारण शंभर चौरस फुटांत एक किलोवॉटची सौर पॅनेलं बसतात, आणि ती दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतात. कोपरमधली सोळा घरांची एक इमारत घ्या. दोन हजार चौरस फुटांची गच्ची, त्यातली निम्मी टाक्या आणि सावलीत गेली. उरलेल्या जागेत दहा किलोवॉट, म्हणजे महिन्याला सुमारे १,२०० युनिट. सोळा घरांना लागतात ३,२०० युनिट. सगळी गरज भागणार नाही, पण लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे निघून वर शिल्लक राहील. दाट वस्तीच्या शहरात गच्चीची जागाच कमी पडते, म्हणून मोठे सौर प्रकल्प धुळ्याच्या साक्रीसारख्या मोकळ्या माळांवर झाले.

अडचण वेळेची आहे. ऊन दुपारी असतं, आणि मागणी संध्याकाळी सातलाही असते. मग दुपारची वीज संध्याकाळपर्यंत कुठे ठेवायची? याचं एक उत्तर ठाणे जिल्ह्यातच उभं आहे. शहापूर तालुक्यातलं चोंढे आणि त्याच्या डोक्यावर, घाटमाथ्यावर, अकोले तालुक्यातलं घाटघर. खाली एक जलाशय, वर एक जलाशय, मध्ये चारशे मीटरहून जास्त उंची. वीज जास्त असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, कमी पडते तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. २५० मेगावॅटचं हे केंद्र २००८ पासून चालू आहे. वर चढवायला शंभर युनिट खर्च केले तर परत सत्तर-पंचाहत्तर मिळतात. तोटा आहे. तरीही दुपारी वाया जाऊ शकणारी वीज संध्याकाळी कामाला येते, म्हणून तो परवडतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी अशाच दोन प्रकल्पांचा करार केला: भिवपुरीला १,००० मेगावॅट आणि शिरवत्याला १,८०० मेगावॅट. जलाशय एकदा भरला की तेच पाणी वर-खाली फिरत राहतं. फक्त बाष्पीभवनाने उडालेलं आणि जमिनीत मुरलेलं पाणी भरून काढावं लागतं. पण अशा प्रकल्पांना जमीन लागते, आणि ती कुणाची, हे मुळशीच्या शेतकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी विचारलं होतं तसं इथेही काम सुरू होण्याआधीच विचारायला हवं.